गावात माणसं कशाने जातात, हे गावाला कसं कळेल?

सरपंचताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यातलं चार हजार वस्तीचं गाव. आदल्या वर्षी 19 मृत्यू झाले, गेल्या वर्षी 27. नोंदवहीत बहुतेकांपुढे ‘वृद्धापकाळ’ नाहीतर ‘हृदयक्रिया बंद पडून’ एवढंच लिहिलेलं. लोक पाण्याला दोष देतात. ग्रामपंचायतीकडे आरोग्यासाठी थोडे पैसे आहेत आणि सूचना तीन आल्या आहेत: आरओ प्लांट, महाआरोग्य शिबिर, किंवा गावाची स्वतःची रुग्णवाहिका. यातलं काय करावं?

ताई, आत्ता तिन्ही नको. आधी ती नोंदवही बाजूला ठेवून गेल्या काही वर्षांतले मृत्यू घरोघरी विचारून काढा. पैसे त्यानंतर. असं का म्हणतो ते जरा विस्ताराने सांगतो.

पहिली गोष्ट आकड्यांची. आपल्याकडे मृत्युदर हजारी सहाच्या आसपास असतो, म्हणजे तुमच्या एवढ्या गावात वर्षाला साधारण 24 मृत्यू अपेक्षितच आहेत. आता 24 ही सरासरी असलेल्या गावात काहीही बिघडलेलं नसताना एखाद्या वर्षी 15 आणि एखाद्या वर्षी 33 मृत्यू होऊ शकतात. तेव्हा 19 वरून 27 वर गेलं म्हणून गावात काही नवं संकट आलं, असं म्हणायला आधार नाही. घाबरायला तेवढं पुरतं, हे मला मान्य आहे. एका आळीत पंधरा दिवसांत तीन तिरड्या उठल्या की लोक पाण्यावर, टॉवरवर नाहीतर कुणाच्या तरी करणीवर येतातच. म्हणून एका वर्षाचे मृत्यू बघू नका, मागच्या पाच वर्षांचे एकत्र घ्या. शंभरावर नोंदी हाताशी आल्या की त्यांतून काहीतरी दिसायला लागतं. फार जुन्या मृत्यूंचा तपशील लोक विसरलेले असतात, तेव्हा नाव, वय आणि जागा पाच वर्षांची घ्या आणि खोलवर विचारपूस शेवटच्या वर्ष-दीड वर्षापुरती ठेवा.

दुसरी गोष्ट वयाची. मृत्यू वयाप्रमाणे वेगळे मांडा: एक महिन्याच्या आतली बाळं, पाच वर्षांखालची मुलं, पंधरा ते तिशीतले, तीस ते सत्तरमधले आणि सत्तरीपुढचे. सत्तरीपुढच्या मृत्यूंत गावाने करण्यासारखं काहीच नसतं असं नाही, पण सुरुवात त्याखालच्यांपासून करा. बावन्न वर्षांच्या माणसापुढे ‘वृद्धापकाळ’ लिहिलेलं मी स्वतः वाचलेलं आहे. लिहिणाऱ्या ग्रामसेवकाचा त्यात फार दोष नसतो. घरचे जे सांगतात ते तो लिहितो, आणि घरच्यांना कुणी नीट विचारलेलंच नसतं.

‘हृदयक्रिया बंद पडून’ या नोंदीबद्दल मात्र मला राग आहे, कारण ती अनेकदा डॉक्टरच्या हातची असते. हृदय प्रत्येकाचंच बंद पडतं, सर्पदंशाने गेलेल्याचंही आणि क्षयाने गेलेल्याचंही. ते मृत्यूचं कारण नव्हे. डॉक्टरने भरायचा कारणाचा दाखला असतो, दवाखान्यातल्या मृत्यूसाठी नमुना 4 आणि बाहेरच्या मृत्यूसाठी नमुना 4 अ. त्यात शेवटचा बिघाड सर्वांत वर लिहायचा, तो कशामुळे झाला ते त्याखाली आणि मूळ आजार सर्वांत खाली. आपल्याला खालची ओळ हवी असते, आणि तीच कोरी सुटते. देशात 2020 साली नोंदलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले साधारण 22 टक्केच होते. कायदा 1969 चा आहे. 2023 च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक दवाखान्याने हा दाखला निबंधकाला देऊन त्याची प्रत नातेवाइकांना देणं बंधनकारक आहे. ही प्रत मागून घ्यायची सवय गावाला लावा.

मृत्यूच्या माहितीचा जो फॉर्म ग्रामपंचायतीतच भरला जातो, त्यात आणखी एक खजिना पडून असतो. मृत व्यक्ती बिडी-सिगारेट ओढत होती का, तंबाखू किंवा सुपारी खात होती का, दारू पीत होती का आणि किती वर्षं, अशी विचारणा त्यात आहे. मरण्याआधी कुठले वैद्यकीय उपचार मिळाले का, स्त्री असेल तर गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर सहा आठवड्यांत मृत्यू झाला का, हेही आहे. हे रकाने बहुतेक ठिकाणी रेघ मारून सोडलेले असतात. ग्रामसेवकाला बसवून या महिन्यापासून ते भरायला लावा. याला पैसा लागत नाही.

आता विचारपूस कशी करायची ते सांगतो. याला आम्हा डॉक्टरांच्या भाषेत व्हर्बल ऑटोप्सी म्हणतात. शवविच्छेदन होत नाही तिथे घरच्यांना लक्षणं विचारून कारण ठरवायचं. देशपातळीवर हेच काम जन्म-मृत्यू नोंदणीचे प्रमुख असलेले रजिस्ट्रार जनरल आणि आरोग्य संशोधक डॉ. प्रभात झा यांच्या चमूने 2001 पासून लाखो मृत्यूंबाबत केलं. प्रत्येक नोंद दोन डॉक्टर एकमेकांना न विचारता तपासतात आणि मत जुळलं नाही तर तिसरा निवाडा करतो. सर्पदंशाने देशात वर्षाला सरासरी 58,000 माणसं जातात हा अंदाज या अभ्यासातून आला. दवाखान्यांच्या नोंदींत त्याचा अगदी लहानसा भागच दिसत होता, कारण माणसं दवाखान्यात पोचण्याआधीच मरत होती.

गावात हे काम आशाताई आणि उपकेंद्राचे समुदाय आरोग्य अधिकारी मिळून करू शकतात. कारण ठरवायला प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडे महिन्यातून एकदा कागद न्यायचे. यापुढच्या मृत्यूंत घरी जायचं ते तेरवी होऊन गेल्यावर, आणि सहा महिन्यांच्या आत. गेल्या गेल्या फॉर्म उघडू नका. ‘काय झालं होतं, सुरुवातीपासून सांगा’ एवढंच म्हणून गप्प बसा. मग नेमकं विचारा: छातीत दुखलं का, धाप लागली का, ताप किती दिवस होता, तोंड वाकडं झालं का, एका बाजूचा हातपाय गळाला का, वजन उतरलं होतं का, लघवी कमी झाली होती का. घरातला कर्ता मुलगा बोलायला पुढे येईल, पण त्याला बरेचदा फक्त दवाखान्याचं बिल पाठ असतं. रात्री किती वाजता उलटी झाली, गोळ्या कधीपासून बंद होत्या, हे सुनेला नाहीतर म्हातारीला माहीत असतं. त्यांच्याशी चुलीपाशी जाऊन बोला. आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं, केसपेपर, डिस्चार्ज कार्ड ज्या पिशवीत ठेवलेले असतात ती पिशवी मागा. तासभर बोलून जे कळत नाही ते कधीकधी त्या पिशवीतून कळतं.

नुसतं कारण लिहून थांबू नका. शेवटच्या दिवसांचा क्रम लिहा. आजार ओळखायला किती वेळ गेला, निघायचं ठरवायला किती, पोचायला किती, आणि पोचल्यावर उपचार सुरू व्हायला किती. मातामृत्यूंच्या तपासात ही पद्धत अनेक वर्षं वापरतात, तीच इथे वापरायची. एकच ‘हार्ट अटॅक’ तीन घरांत तीन वेगळ्या ठिकाणी अडकलेला दिसेल: एकाने ॲसिडिटी समजून रात्रभर सोडा घेतला, दुसऱ्याला गाडी मिळाली नाही, तिसरा वेळेत पोचला पण तिथे ईसीजी काढायला कुणी नव्हतं. तिघांपुढे एकच शब्द लिहिला जातो, पण गावाने करायची कामं तीन निघतात.

माणूस नेमका कसा गेला हे बारकाईने बघितल्याने काय साधतं, याचं सर्वांत उत्तम उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. रायगड जिल्ह्यात महाड भागात लाल विंचवाच्या दंशाने माणसं, विशेषतः मुलं, मरत. कारण ‘विंचूदंश’ हे सगळ्यांनाच माहीत होतं, त्याने कुणी वाचत नव्हतं. डॉ. हिंमतराव बावस्कर रुग्णांच्या उशाशी बसून राहिले आणि त्यांनी नोंदवलं की विषाने रक्तदाब वाढतो आणि हृदयावर प्रचंड ताण येतो, मग फुप्फुसांत पाणी होतं आणि माणूस त्याने जातो. मग त्यांनी प्राझोसिन वापरलं. ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी. गंभीर रुग्णांतला 40 टक्क्यांच्या घरातला मृत्युदर त्याने एक टक्क्याच्या आसपास आला. ग्रामीण दवाखान्यातून झालेलं हे काम ‘लॅन्सेट’ या नामवंत वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

आता तुमच्या गावात काय सापडेल? मी पैज लावायला तयार आहे की पहिल्या दोन-तीन कारणांत लकवा, म्हणजे मेंदूचा झटका, असेल. पैज बिनधोक आहे, कारण तुमच्या शेजारीच हे मोजलेलं आहे. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने 2011 ते 2013 या दोन वर्षांत 86 गावांतल्या सुमारे 94,000 लोकांमधले सगळे मृत्यू याच पद्धतीने तपासले. एकूण मृत्यू 1,599 आणि त्यांत लकव्याने गेलेले 229, म्हणजे दर सातांत एक. सगळ्यांत मोठं कारण तेच निघालं. त्याआधी विचारलं असतं तर आमच्यासारख्या डॉक्टरांनीही मलेरिया, क्षय, साप अशी नावं घेतली असती, कारण गडचिरोली म्हटलं की तेच डोळ्यांपुढे येतं. लकव्याने गेलेल्यांपैकी 87 टक्के घरीच गेले आणि जवळपास निम्मे झटका आल्यापासून महिन्याभरात.

या शेवटच्या दोन गोष्टी सरपंचाने नीट वाचाव्यात. लकव्याची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. धानपट्ट्यातल्या गावातून हे जमवणं आजही अवघड आहे. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं की मालीश आणि झाडपाल्यात दिवस न घालवता 108 ला फोन करून जिल्ह्याला निघायचं, हे लोकांना जरूर सांगा. पण लकव्याने होणारे मृत्यू मुख्यतः झटका येण्याआधीच्या दहा वर्षांत थांबतात, आणि ते रक्तदाबाच्या गोळीने.

हिशेब असा. तुमच्या चार हजारांत तिशीपुढचे अंदाजे दोन हजार. आपल्या राज्यात दर चार प्रौढांमागे एकाचा रक्तदाब जास्त आहे, म्हणजे गावात पाचशेच्या आसपास माणसं. त्यांतल्या बऱ्याच जणांना ते माहीतच नसतं. माहीत असलेल्यांत गोळी सुरू केलेले कमी, आणि गोळी चालू ठेवून रक्तदाब 140/90 च्या खाली असलेले त्याहून कमी. ‘डोकं दुखत नाही, मग गोळी कशाला?’ हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. वरचा रक्तदाब दहाने उतरला तर लकव्याचा धोका साधारण एक चतुर्थांशाने कमी होतो, आणि ॲमलोडिपिनची एक गोळी सरकारी खरेदीत रुपयालाही पडत नाही. इतक्या कमी पैशांत इतके जीव वाचवणारं दुसरं काम माझ्या पाहण्यात फारसं नाही.

मग अडतं कुठे? महिन्याची गोळी हातात पडण्यात. भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत 2017 नंतर उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. त्याची सूत्रं अगदी साधी होती: सगळ्यांना एकच ठरलेली औषधयोजना, गोळ्या घराजवळच्या उपकेंद्रात आणि एकदम तीस दिवसांच्या, प्रत्येक रुग्णाचं कार्ड, आणि जो तारखेला आला नाही त्याला फोन किंवा घरभेट. हे शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. रोवणीच्या दिवसांत माणसं गोळ्या न्यायला येत नाहीत. कोण आलं नाही याची यादी आशाताईंच्या हातात असली आणि त्या बांधावर गोळ्या घेऊन गेल्या, तर खरा फरक पडतो.

म्हणूनच महाआरोग्य शिबिराला माझा विरोध आहे. मंडप, बॅनर, फोटो होतात, एका दिवसात चारशे जणांचा रक्तदाब मोजला जातो, चिठ्ठ्या वाटल्या जातात, आणि दुसऱ्या महिन्यात त्या चिठ्ठीचं काय झालं हे कुणालाच ठाऊक नसतं. एका गर्दीच्या मापावर निदानही करू नये. माणूस पाच मिनिटं टेकून बसला पाहिजे, दंडाचा पट्टा योग्य मापाचा हवा, दोन-तीन वेळा मोजलं पाहिजे आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी मोजलं पाहिजे. मिठाचंही बोला. रोज पाच ग्रॅमच्या आत हवं असताना आपण त्याच्या दुपटीच्या आसपास खातो. लोणचं, पापड, सुकी मासोळी यांत ते लपलेलं असतं.

आणि खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेलं मिश्रण. त्याने फक्त तोंडाचा कॅन्सर होतो अशी लोकांची समजूत आहे, पण तंबाखूने हृदयविकारही वाढतो. तोंडाच्या कॅन्सरबद्दल एक आशेची गोष्ट आहे. पांढरा-लाल चट्टा, न भरणारी जखम, कमी उघडणारं तोंड हे आशाताईंना टॉर्चच्या उजेडात दिसू शकतं. केरळमध्ये तंबाखू-दारू घेणाऱ्यांची तोंडं अशी नियमित तपासल्यावर त्यांच्यातले कॅन्सरमृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा तर पुरावा आपल्याच मातीतला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात एकदाच केलेल्या एचपीव्ही या विषाणूच्या तपासणीने त्या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर आले. हे काम बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाच्या साथीने झालं, जिथे 1987 पासून देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते.

पाण्याचं काय? पाण्याकडे दुर्लक्ष करा असं मी म्हणत नाही. पण लकवा आणि हार्ट अटॅक पाण्याने होत नाहीत, आणि साथीचे जंतू मारायला आरओ लागत नाही, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर लागते. जलसुरक्षकाने टीसीएल रोज टाकली का, नळाच्या शेवटच्या घरात क्लोरीन दाखवणाऱ्या ओटी टेस्टला पिवळा रंग येतो का, गावाला कार्ड हिरवं मिळालंय की लाल, हे आधी बघा. फ्लोराइड आणि नायट्रेटची तपासणी जिल्हा प्रयोगशाळेतून करून घ्या. त्यात दोष निघाला तर मग आरओचा विचार. नाहीतर तीन वर्षांनी त्याची जाळी बदलायला पैसे नसतात आणि खोलीला कुलूप लागतं.

तरुण वयातले मृत्यू वेगळे असतात. तिथे साप, विष, विहीर आणि मोटारसायकल ही चार नावं येतील. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात आणि लोकांना साप चावल्याचा संशयही येत नाही. नीट खोचलेली मच्छरदाणी आणि खाट एवढ्याने यातले बरेच मृत्यू टळतात. चावल्यावर ना बांधणं, ना कापणं, ना मांत्रिक. हातपाय स्थिर ठेवून थेट जिथे प्रतिविष आहे तिथे. ते जवळ नेमकं कुठे आहे, हे पावसाळ्याआधी फोन करून विचारा आणि पंचायतीच्या भिंतीवर लिहा.

विषाबद्दल श्रीलंकेचा अनुभव मोठा आहे. तिथे सर्वांत घातक कीटकनाशकांवर बंदी आल्यावर वीस वर्षांत आत्महत्यांचा दर सुमारे 70 टक्क्यांनी उतरला. बंदी गावाच्या हातात नाही, पण डबे घरात खाटेखाली न राहता कुलुपात राहतील हे बघणं आहे. ज्या घरात कुणी फार गप्प झालंय तिथे कुणी जाऊन बोलेल हेही आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीतून बोलता येतं. फवारणीने होणारी विषबाधा हा निराळा विषय, 2017 ला यवतमाळात वीसहून अधिक जीव गेले ते आठवत असेलच.

बाळांचे मृत्यू तुमच्या यादीत एक-दोनच असतील, पण तेच सर्वांत जास्त लपतात. जन्मून दोन दिवसांत गेलेल्या बाळाची जन्मनोंदही होत नाही आणि मृत्यूनोंदही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या चमूने 39 गावांत आरोग्यदूतांना बाळाचं वजन, श्वास, जंतुसंसर्ग ओळखायला आणि इंजेक्शन द्यायला शिकवलं, तेव्हा नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. 1999 साली ते प्रसिद्ध झालं. आशाताईंच्या नवजात घरभेटी त्यातूनच आल्या आहेत. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवसाची भेट खरंच झाली का, हे रजिस्टरमध्ये बघू नका, त्या बाळाच्या आईला विचारा.

पैशांबद्दल. ग्राम आरोग्य समितीचा अबंधित निधी वर्षाला दहा हजारांच्या घरात असतो, त्यातून दंडावर बांधायची दोन चांगली रक्तदाब यंत्रं, दोन मापांचे पट्टे आणि कार्डं येतील. उपकेंद्रात गोळ्या संपल्या की खरेदीसाठी थोडी रक्कम बाजूला ठेवा. डॉक्टरांच्या लेखी शिफारशीशिवाय ती वापरू नका. आशाताईंना या विचारपुशीचे वेगळे पैसे द्या. त्यांच्यावर आधीच पुष्कळ कामं टाकलेली आहेत. रुग्णवाहिका घेतली तर चालक, डिझेल, विमा आणि रात्रीची पाळी कायमची गळ्यात पडते. त्याऐवजी गावातल्या चार-पाच गाडीवाल्यांचं वेळापत्रक लावा, 108 यायला उशीर असेल तर कोण निघेल आणि डिझेल पंचायत देईल असा ठराव घ्या.

एक जपा. यादी ग्रामसभेत वाचताना नावं घेऊ नका. ‘तीस ते सत्तर वयात गेलेले इतके, त्यांत लकवा इतके, त्यांतल्या इतक्यांच्या गोळ्या बंद होत्या’ एवढंच सांगा. नावं फुटली की पुढच्या घरात कुणी दार उघडणार नाही, आणि आत्महत्या झालेल्या घरात तर नाहीच. कागद समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांच्या कपाटात राहू द्या. पहिल्या पंचवीस-तीस घरांचे कागद तयार झाले की ते घेऊन आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांसोबत बसा. आरओचं कोटेशन घेऊन आलेल्या माणसाला तोवर थांबायला सांगा.